आवाज अस्सल हवा

३ तारीख, सोमवार
वस्तीत क्षयरोगावर भाषण दिलं. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर बेडका तपासून घ्या, वगैरे. लोक ढिम्म. पुढच्या रांगेतले एक आजोबा चक्क घोरले. दोष विषयाचा. माझं वक्तृत्व वादातीत आहे.
संकल्प : रिक्षावर भोंगा लावून गल्लोगल्ली फिरवायचा. आधी खोकला, मग माझा आवाज.
हिचा खोकला अजून आहेच. धुळीचा असणार.

७ तारीख
रेकॉर्डिंगसाठी शिपायाला खोकायला लावलं. तो खाकरतो, खोकत नाही. चहावाला तर हसतच सुटला. हल्ली कलावंत मिळत नाहीत.
हिला म्हटलं, खिडक्या लावून घे, शेजारी ऐकतात. आरोग्य शिक्षकाच्याच घरात खोकला म्हणजे लोकांच्या हाती आयतं कोलीत. ही म्हणाली, जगाला तर खिडक्या उघड्या ठेवायला सांगता. म्हटलं, ते जगासाठी.

९ तारीख, पहाटे
सुचलं! ही खोकत होती, मोबाईल तोंडाजवळ धरला. काय खोकला! थेट छातीच्या तळातून. शेवटी दम लागतो, तो तर लाजवाब. ही म्हणाली, काय करताय. म्हटलं, घड्याळ बघतोय.

१२ तारीख
आमच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंना रेकॉर्डिंग ऐकवलं. त्यांनी विचारलं, खोकला कुणाचा? म्हटलं, हौशी नाटकातली एक बाई आहे. म्हणाल्या, तिला लगेच घेऊन या, हा अभिनय वाटत नाही. याला म्हणतात दाद!

१५ तारीख
ही म्हणते, केंद्रावर जाऊन येऊ का? साफ नाही म्हटलं. माझ्याच केंद्रावर माझीच बायको रांगेत? अब्रूचं खोबरं. ब्लाउज सैल होतायत म्हणे. बायका एरवी त्यासाठी पैसे मोजतात. खोकल्याचं औषध आणून दिलं. नवऱ्याने आणखी काय करायचं?

२२ तारीख
रिक्षा आमच्या गल्लीत आली. मुद्दाम गॅलरीत उभा राहिलो. आधी खोकला, मग मी : दुर्लक्ष करू नका, आपल्या माणसाला तपासणीला न्या. आमची चिमी आत धावत गेली आणि ओरडली, आई, तू रिक्षात खोकतेयस! हिने गॅस बंद केला, चपला घातल्या, निघाली. मला वाटलं, भाजीला गेली.

२५ तारीख
हिचा रिपोर्ट पॉझिटिव्ह. एकटीच केंद्रावर गेली होती. औषधं सुरू झाली. बरी होईल, पण फार उशिरा आली, म्हणतात. नर्सने विचारलं, कुणी पाठवलं? ही म्हणाली, भोंग्याने. म्हणजे मोहीम यशस्वीच म्हणायची. साहेबांच्या कानावर घालावं का?

२६ तारीख
नाही घातलं. डॉक्टरीणबाईंनी बोलावून विचारलं, आईजवळ कोण झोपतं? चिमी. उद्या तिच्या छातीचा फोटो काढायचाय. मला भीती वाटते. पोरगी रात्रीची खोकते, असं ही कधीची सांगत होती. मी म्हणायचो, आईची नक्कल करते.