सामानाचा विमा

कळवा

प्रिय समीक्षा,

विम्याचे पैसे जमा झाले. फ्रिज, पलंग, कपाट, सगळं नवीन आलं. भाड्याच्या घरातल्या सामानाचा विमा तू काढलास तेव्हा मी हसले होते, आपल्या भांड्याकुंड्यांचा कसला विमा म्हणून. डोंबिवलीची आपली इमारत पाडून नवी बांधेपर्यंतच तर इथे राहायचं होतं. पण त्या दुपारी मी आणि बाबा भाजी घेऊन परतलो, तर खिडकीतून काळा धूर आणि खाली अख्खी सोसायटी जमलेली. फ्रिजच्या मागे शॉर्टसर्किट झालेलं. घरमालक काळुरामशेठ जिन्यातच भेटले. म्हणाले, "काकी, माझा विमा भिंतींचा हाय, तुमचे सामानाचा नाय." बिचारे स्वतःच रडवेले झाले होते. आमचा वेगळा आहे, असं मला सांगता आलं ते तुझ्यामुळे. पुढे सर्व्हेअर आला, तेव्हा दिवाळीत तू मोबाइलवर काढलेला घरभराचा व्हिडिओ त्याला दाखवला. त्याने काहीच नाकारलं नाही.

फोनवर मी सगळं ठीक म्हणते, कारण बाबा शेजारीच बसलेले असतात. ठीक नाही गं. त्यांचा विसराळूपणा तुला माहीत आहे, पण जुन्या सामानात त्यांचं निभत होतं. न बघता हात बरोबर चष्म्यावर पडायचा. आता कपाट उघडतात आणि तसेच उभे राहतात. पलंगावर बसत नाहीत, लोकांचा आहे म्हणतात. परवा पिशवीत टॉवेल, दाढीचं सामान भरून दाराशी बसले. मी चहा नेला, तर हात जोडून म्हणाले, "बाई, तुम्ही आमचं फार केलंत. आता मला घरी जाऊ द्या. बायको वाट बघत असेल." समी, मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मग तिथेच त्यांच्याजवळ जमिनीवर बसून राहिले.

लग्नानंतर तू नाशिकला नेलेलं ते लाकडी टेबल, ज्यावर ते तुला गणितं शिकवायचे आणि तू कंपासने नाव कोरलंस म्हणून ओरडले होते, तेवढंच आता आपल्या घरातलं शिल्लक आहे. इथल्या नव्या टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत ते तुझं नाव शोधत असतात. ते टेबल पाठव. मुलांना दुसरं घे. आणि जमलं तर टेंपोबरोबर तूही ये, थोडे दिवस राहा. मला ओळखणारं कुणीतरी या घरात हवं आहे गं.

तुझीच,
आई