ताईंची फुंकर

३ तारीख, सोमवार

रात्रभर झोपले नाही. गुंड्याच्या पोटावर हात ठेवून पडले होते, श्वास चालू आहे ना बघत. तरी आज अंगात आळस म्हणून नाही. इतके दिवस मी लेकराला घेऊन माझ्या दादाकडे राहत होते, कारण ह्यांना जागाच मिळत नव्हती. आता ह्यांच्या मोठ्या बहिणीनं, म्हणजे ताईंनी, आपल्या घरातली मागची खोली आम्हाला दिली. दोन खिडक्या, वेगळा नळ, भिंतींना नवा हिरवा रंग. रंग अजून ओला होता, गुंड्यानं लगेच गाल घासून हिरवा करून घेतला. ताई म्हणाल्या, आला बघा आमचा पोपट. मी किती दिवसांनी हसले.

ताई शिवणकाम करतात. पुढच्या खोलीत मशीन, मोठा आरसा आणि खुंट्यांवर लोकांचे अर्धे शिवलेले कपडे. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. ह्यांना त्यांनीच वाढवलं.

ही वही दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी लिहायला सांगितली. गुंड्या दीड वर्षाचा आहे. जोरात रडायला लागला की रडणं घशातच अडकतं, श्वास आत येत नाही, ओठ निळे होतात आणि पोर चिंधीसारखं लुळं पडतं. बाई म्हणाल्या, घाबरू नको, मोठा झाला की जाईल. रक्त कमी आहे म्हणून लोहाचे थेंब दिलेत. श्वास अडकला तर कुशीवर निजव, गदागदा हलवू नको, पाणी मारू नको, तोंडात बोट घालू नको, श्वास आपला आपण येतो. आणि आधी काय झालं ते लिहून ठेव. सातवी शिकलेय, जमेल तसं लिहिते.

५ तारीख, बुधवार

आज झालं. कात्रीला हात घालत होता, मी काढून घेतली. भोकाड पसरलं आणि आवाज बंद. मी फरशीवर कुशीवर निजवला, बाईंनी सांगितलं तसं. तेवढ्यात ताई आल्या, त्याला माझ्यापुढून उचलला आणि तोंडावर एक लांब फुंकर घातली. लगेच श्वास आला. डोळे उघडले ते ताईंकडे बघत.

मी म्हणाले, बाई म्हणतात काही करायचं नाही, आपोआप येतो. ताई म्हणाल्या, हो गं, त्या बाईंचं लेकरू नाही ना निळं पडत. मग सांगितलं की हेही लहानपणी असेच निळे पडायचे, ताईंनीच फुंकर घालून घालून मोठं केलं. हे खाली मान घालून जेवत होते.

बरंच झालं की, घरात जाणतं माणूस आहे.

८ तारीख, शनिवार

पुन्हा दोनदा. दोन्ही वेळा ताईंनी उचलला. माझ्या हातात निळा, त्यांच्या हातात गुलाबी. शेजारीण बघत होती, म्हणाली आत्याचा हात गुणाचा आहे. नऊ महिने ओझं मी वाहिलं, टाके मला पडले, आणि गुण आत्याच्या हाताला.

आता तो जागा झाला की आधी पुढच्या खोलीत पळतो. मी भरवते तर तोंड फिरवतो, त्यांच्या हातचं मुकाट खातो. हे गमतीनं म्हणाले, तुझी नोकरी गेली बघ. मला हसू नाही आलं. भांडी घासताना एक भांडं मुद्दाम आपटलं.

१० तारीख, सोमवार

गुंड्या आज त्यांना आई म्हणाला. ताईंनी सुधारलं नाही. रिळातून दोरा काढता काढता नुसतं हूं म्हणाल्या, जणू रोजचंच.

मी मोरीत जाऊन रडले. मला ती बाई आवडत नाही. लिहून टाकलं.

११ तारीख, मंगळवार

आज जे केलं ते कुणी आई करत नसेल. मला वाटलं, एकदा तरी त्यानं डोळे उघडल्यावर माझं तोंड बघावं. ताई पुढं मशीनवर होत्या. मी मागच्या खोलीचं दार लोटलं आणि गुंड्या खेळत होता ती रिकामी रिळं त्याच्या हातातून ओढून घेतली. मुद्दाम. रडला, आणि श्वास अडकला.

कुशीवर निजवला. तोंडाजवळ तोंड नेऊन वाट बघत बसले. दादाकडे असताना इतका वेळ कधी लागला नव्हता. ओठ काळे व्हायला लागले. मी दार उघडून हाक मारली. ताई पाठमोऱ्या बसल्या होत्या, सुईत दोरा ओवत होत्या. खांदे वर, अंग दगडासारखं, श्वास धरलेला. सुईत दोरा ओवताना सगळेच धरतात. मी पुन्हा हाक मारली. वळल्या नाहीत. दोरा गेला, त्यांनी श्वास सोडला, आणि त्याच क्षणी माझ्या मागं गुंड्या रडला.

मग आल्या, त्याला कडेवर घेतला. मला म्हणाल्या, रिळं द्यायची गं लेकराला, त्यात काय एवढं.

तेव्हा तर दार लोटलेलं होतं. रिळांचं त्यांना कसं कळलं?

१३ तारीख, गुरुवार

दोन दिवस नजर ठेवली. गुंड्या रडायलाही लागत नाही आता. नुसता खेळता खेळता थांबतो, तोंड उघडं. मी पुढच्या खोलीत डोकावते तर ताई सुई धरून बसलेल्या. सुईत दोरा आधीच असतो.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, तू जळतेस. ताईनं माझ्यासाठी आयुष्य काढलं आणि तू तिच्यावर जळतेस. मी म्हणाले, हो जळते, पण हे बघा तरी. पाठ फिरवून झोपले.

१४ तारीख, शुक्रवार

आज दुपारी सगळे जेवायला बसलो. मी ह्यांना म्हणाले, मी गुंड्याला घेऊन दादाकडे जाते थोडे दिवस. हे म्हणायला लागले, जा की, त्यात — आणि थांबले. घास हातात तसाच. डोळे माझ्यावर, पण बघत नव्हते. ओठ राखेसारखे. माझ्या मांडीवर गुंड्याही तसाच.

ताईंचं तोंड मिटलेलं होतं. गाल आत. माझ्याकडे बघत होत्या.

मग त्यांनी श्वास सोडला, भात वाढला. हे म्हणाले, कुठं जायचं नाही.

मगाशी काय झालं ते ह्यांना माहीतच नाही.

१५ तारीख, शनिवार

तरी गेले. कुणाला न सांगता. बस सुटली आणि गुंड्याची मान मागं पडली. कंडक्टर ओरडला, बायका पाणी घेऊन धावल्या. मी उतरले, पळत मागं आले — ताई दारातच उभ्या. फुंकर घातली नाही. नुसता श्वास घेतला, आणि त्यानंही घेतला.

म्हणाली, अगं, तू जा ना. तुला कुणी धरलंय? तो राहू दे.

मी आता तिला अहोजाहो करणार नाही.

१७ तारीख, सोमवार

डॉक्टरीणबाईंकडे गेले — लेकराशिवाय, तो सोडत नाही तिला. सगळं सांगितलं. त्यांनी माझा हात धरला, विचारलं झोप येते का, घरी कुणाशी बोलतेस का. गोळ्या दिल्या — मला. ती गुंड्याला दाखवून गेली होती म्हणे; त्याचं वजन वाढलंय, रक्त वाढलंय म्हणाल्या. तो छान आहे म्हणाल्या.

छान आहे. तिच्यापाशी छानच आहे.

माझा फोन सापडत नाही.

१८ तारीख, मंगळवार

आज तिनं आरशासमोर गुंड्याला उभा केला. त्याच्या मापाचा सदरा शिवलाय — आणि मला म्हणाली, सांग त्याला. त्याची आई कोण ते सांग. तुझ्या तोंडानं.

मी मान हलवली, नाही.

तिनं छाती भरून घेतली. टाचण्या ओठांत तशाच. हसत होती, टाचण्यांसकट.

तो आरशात बघत खाली बसला. मग आडवा. मी म्हणाले नाही — मी म्हणाले नाही — नखं काळी व्हायला लागली —

म्हणाले. त्याला म्हणाले, ही तुझी आई. मी कुणी नाही.

श्वास आला. तिचा, मग त्याचा. तो तिच्याकडे रांगत गेला.

१९ तारीख

ह्यांनी माझी पिशवी भरून दाराशी ठेवली. चार दिवस भावाकडे जा म्हणाले. एकटी. आवाज ह्यांचा, पण मध्ये मध्ये थांबत होते, ती घेईल तसा श्वास —

मी जाणार नाही. कडी लावून बसलेय. बाहेर गुंड्या हसतोय. तिच्याशी. इतका कधी माझ्याशी —

मघाशी हातात मोठी कात्री होती. तिच्या पाठीमागं उभी होते. तिला कळलं. वळली नाही. म्हणाली, कर की. मग बघ त्याच्याकडे.

ठेवली कात्री.

ही वही खिडकीतून गल्लीत टाकतेय. जो कुणी उचलेल त्यानं माझ्या दादाला फोन करा. नंबर पुठ्ठ्याच्या आतून लिहिलाय. म्हणा, बहीण बोलावतेय, लगेच ये. पण आधी हे सांगा, दोनदा सांगा, तो तापट आहे — तिच्या अंगाला हात लावायचा नाही. ढकलायचंही नाही. दादा, तिला जपूनच — तिला ठसका जरी लागला — तू तिचा गळा धरलास तर माझं —