बटणाची आंघोळ

३ फेब्रुवारी

ती. आत्याबाईंना,
सा. न. वि. वि.

तुमच्या कुत्रीचं पिल्लू आमच्याकडे चांगलंच रुळलंय. इतकं, की घर त्याचं आणि आम्ही पाहुणे. बाबांनी त्याचं नाव बटण ठेवलंय. म्हणतात, जन्मभर दुसऱ्यांच्या कपड्यांना बटणं लावली, आता एक तरी माझ्या मागे मागे फिरू दे. शिवणकाम माझ्या हाती दिल्यापासून ते खिडकीशी बसून काजं-बटणं तेवढी करतात, आणि हे महाशय त्यांच्या पायाशी. झोपायलाही त्यांच्याच खाटेखाली.

पण तक्रार सांगितल्याशिवाय राहवत नाही. पोरगं घरात शू करतं हो! सकाळी उठावं तर बाबांच्या खाटेजवळ थारोळं. दुपारी जरा डोळा लागला की पुन्हा तेच. पुढच्याच खोलीत बायका मापं द्यायला येतात. परवा एकीनं आल्या आल्या नाकाला रुमाल लावला, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मीही मग सोडत नाही त्याला. केलं की धरायचं, चांगलं खडसवायचं, लाज नाही वाटत का, खाऊनपिऊन राहत्या घरात घाण करायला, म्हणून. आणि न्हाणीत नेऊन नळाखाली साबण लावून आंघोळ. म्हणजे शू केली की गार पाणी, हे डोक्यात बसेल. पण बसत काही नाही, आणि हल्ली फार खाजवतो. पोटावरचे केस गेलेत. आमचे हे, म्हणजे तुमचे भाचे, म्हणतात, अजून घासून धू. तुम्ही इतकी कुत्री वाढवलीत, तर नक्की किती वेळा घालावी आंघोळ, ते कळवा.

बाकी क्षेम. आहे तो लोभ कमी होऊ देऊ नये.

तुमची,
सूनबाई

८ फेब्रुवारी

चि. सौ. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

अगं बाई, ते पिल्लू आहे की मळकी चादर? महिन्यातून एकदा आंघोळ पुष्कळ झाली, तीही कोमट पाण्यानं, आणि नंतर टॉवेलनं कोरडं करून. अंगावर काही लागलं तर ओल्या फडक्यानं तेवढंच पूस. रोज साबण लावलास तर कातडीतलं तेल जातं आणि खाज सुटते. तुला कोणी या थंडीत दिवसातून दोनदा नळाखाली धरलं तर तूही खाजवशील.

आणि आंघोळ ही काही शिक्षा नाही. शू त्यानं केली, तर धुवायची फरशी, पिल्लू नव्हे. फरशी मात्र अशी धू, की वास राहता कामा नये. झोपून उठलं, खाल्लं, पाणी प्यायलं की लगेच बाहेर न्यायचं. बाहेर केलं की कौतुक करायचं. घरात केलं तर गप्प बसून पुसायचं. ओरडायचं नाही, ओरडलीस तर ते लपून करायला शिकेल.

तुझा सासरा, आमचा छोट्या, काय करतो? त्याचं पत्र नाही. अडुसष्ट वर्षांचा झाला तरी मी आधी लिहिल्याशिवाय लिहायचं नाही, हा त्याचा बाणा. त्याला म्हणावं, ताई रागावली आहे.

लोभ आहेच, पिल्लावरही थोडा वळव.

तुझी,
आत्या

१४ फेब्रुवारी

ती. आत्याबाईंना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी मोठ्यानं वाचून दाखवलं. सगळे हसले, बाबा तेवढे हसले नाहीत. तुम्ही सांगितल्याप्रमाणे दोन-तीन दिवस साबण बंद ठेवला, बाहेर न्यायला लागले, आणि काय सांगू, शहाणा बाहेर करतो! दाराशी जाऊन कुंईकुंई करून सांगतोसुद्धा. मला वाटलं, जिंकली लढाई.

कुठलं काय. खाटेजवळचं थारोळं काही थांबेना. बाहेर करून येतो आणि पुन्हा खाटेजवळ करतोच, हा कुठला न्याय? काल तर कहर झाला. एका बाईंचा तयार रेशमी झगा बटणांसाठी बाबांच्या खाटेवर ठेवला होता, त्याची कड खाली लोंबत होती. ती सगळी भिजली, डाग पडला. त्या बाई मला नाही नाही ते बोलल्या, आणि मी ते सगळं बटणाला ऐकवलं. निर्लज्ज, घाणेरडा, काय काय म्हटलं मी. चुकलं माझं, पण रागाच्या भरात पुन्हा साबण लावून घासला.

आता तुमच्या भाच्यांनी ठरवलंय, पुढच्या रविवारी, २२ तारखेला, त्याला कागदाच्या गोदामावरच्या वॉचमनकडे देऊन टाकायचं. बाबांना विचारलं. ते सुईत दोरा ओवत होते, ओवतच राहिले. हल्ली त्यांचं जेवण कमी झालंय, पाणी तर जेमतेम घोटभर. दिवसभर एक चहा. पिल्लाचाच घोर लागला असणार. तुम्ही दोन शब्द लिहाल का त्यांना?

रागावू नये. लोभ ठेवावा.

तुमची,
सूनबाई

१५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ताई, हे पत्र वाचून झालं की फाडून टाक.

ते थारोळं बटण करत नाही. मी करतो.

लिहिलं एकदाचं. सुरुवातीला एखाददुसरं त्यानंही केलं असेल, खोटं कशाला बोलू. पण खाटेजवळचं सगळं माझं. उठून न्हाणीपर्यंत पोचायच्या आत होऊन जातं. कळतं, पण थांबवता येत नाही. पहिल्यांदा झालं तेव्हा घाईघाईनं पायजमा बदलला. फरशी पुसायला फडकं शोधतोय तोवर सूनबाई आली. तिनं पाहिलं आणि बटणाच्या नावानं ओरडली. मी तोंड उघडलं आणि मिटलं. बस, तेवढंच. नंतर दर वेळी मिटणं सोपं होत गेलं.

ती त्याला धरून न्यायची आणि मी खिडकीशी बसून काजं करायचो. न्हाणीतून तिचं बोलणं ऐकू यायचं. लाज नाही वाटत का, म्हणायची. वाटत होती गं. इतकी वाटत होती, की सुई बोटात घुसली तरी कळायचं नाही. पाणी घोटभरावर आणलं, चहा एकावर आणला, तरी होतंच.

काल दुपारी मात्र सहन होईना असं झालं. माझा डोळा लागला आणि घात झाला. उठून बघतो तर बटण खाटेखालून निघाला, त्यानं ते ओलं हुंगलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कोणी बोलावलं नसताना शेपूट पोटात घालून न्हाणीत गेला. नळाखाली जाऊन उभा राहिला, ताई. कुडकुडत. माझ्या केल्याची आंघोळ घ्यायला.

पुढच्या रविवारी त्याला देऊन टाकणार आहेत. मी बोललो तर तो राहील. पण बोलू कसा? त्या घरात मी मोठा आहे. सुनेला तोंड कसं दाखवू?

हे वाचूनही लोभ उरला तर ठेव.

तुझा,
छोट्या

१८ फेब्रुवारी

चि. छोट्यास,
अ. आ.

पत्र फाडलं. रडले, मग तुझा राग आला, मग पुन्हा रडले.

अरे वेड्या, तुझी लहानपणची ओली अंथरुणं गच्चीवर कोणी वाळत घातली? शेजारच्यांनी विचारलं तर पाण्याचा तांब्या सांडला म्हणून कोणी सांगितलं? माझ्यापुढे कसली लाज! म्हातारपणी पुरुषांना हे होतं. डॉक्टर असतात, गोळ्या असतात. आणि पाणी पी, पाणी तोडून काही बरं होत नाही. पिल्लाला बाहेर न्यायचं काम तू मागून घे. उठलास की आधी तू जा, मग त्याला ने. दोघांनाही वळण लागेल.

शू झाली यात तुझा दोष नाही. पण मुक्या जिवाला तुझ्यासाठी नळाखाली उभं केलंस, ते वाईट केलंस. त्यात मी तुझी बाजू घेणार नाही. सुनेला मी काही कळवणार नाही. ते तूच सांगायचं, रविवारच्या आत.

लोभ काय फडक्यानं पुसला जातो होय रे?

तुझी,
ताई

२३ फेब्रुवारी, सोमवार दुपार

ती. आत्याबाईंना,
सा. न. वि. वि.

काल बटणाला नेऊन दिलं. बाबा दारापर्यंतही आले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

आज सकाळी उठले, फडकं आणि बादली घेऊन सवयीनं त्यांच्या खोलीत गेले, आणि पाहते तर खाटेजवळ थारोळं. घरात कुत्रं नाही, काही नाही. मी तिथंच उभी राहिले, आत्याबाई. बाबांचे डोळे मिटलेले होते. झोपलेल्या माणसाच्या पापण्या अशा हलत नाहीत.

तेवढ्यात तुमचे भाचे आले, हे काय म्हणून विचारू लागले. माझ्या तोंडून निघून गेलं, की माझ्याच हातून बादली कलंडली. ते गेले. मी गुडघ्यावर बसून पुसलं, आवाज न करता.

तेव्हापासून मशीनवर बसलेय, पण एक टाका धड पडत नाही. मी काय काय बोलले होते ते एकेक आठवतंय. निर्लज्ज. घाणेरडा. खाऊनपिऊन राहत्या घरात. न्हाणीचं दार उघडं असायचं आणि समोर बाबा बसलेले असायचे. मी कुणाला बोलत होते हो? ज्यांनी मला हातात कात्री धरायला शिकवलं, त्यांना? जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. वर त्या लेकराची कातडी सोलून काढली ती वेगळीच.

त्यांना काही विचारलं तर त्यांना लागेल, नाही विचारलं तर ते तसेच कुढत राहतील. काय करू, ते लगेच कळवा. तुमच्या लोभाला पात्र आहे की नाही, ते तुम्हीच ठरवा.

तुमची,
सूनबाई

२५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र शनिवारीच मिळालं होतं. उशीखाली ठेवलं आणि रविवारी गप्प बसलो. बटणाला पिशवीत घालून नेलं तेव्हा तो माझ्या दिशेनं मान वळवून बघत होता. मी भिंतीकडे बघत होतो. याहून मोठा भ्याडपणा मी आयुष्यात केला नाही.

सोमवारी सकाळचं तुला कळवलंय, असं सूनबाईनं सांगितलं. ती बादलीचं खोटं बोलली ते मी अंथरुणात ऐकलं. तुझा तांब्या आठवला. इतकी वर्षं झाली, आणि अजून बायकांनी माझ्यासाठी पाणी सांडायचं? दिवसभर मला घास गेला नाही. संध्याकाळी मुलगा आला तसा खोलीच्या मध्ये उभा राहिलो आणि सांगून टाकलं. बादली कलंडली नाही, मी केलं, आधीचंही मीच करत होतो, झगाही माझ्यामुळे गेला. बोलताना नजर फरशीवर होती. सूनबाई रडायला लागली आणि माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला अर्ध्यातच धरली. म्हटलं, माफी मी मागायची, बाई. मागितलीही. मुलानं चपला घातल्या आणि म्हणाला, बाबा, चला, आणायला जाऊ.

गोदामाच्या फाटकाशी बटणानं मला पाहिलं मात्र, लोळला काय, उड्या काय मारल्या, आणि आनंदाच्या भरात माझ्या बुटावरच शू केली. मग आपलं केलेलं त्याच्या ध्यानात आलं. शेपूट आत गेली. फाटकाशेजारी हात धुवायचा नळ आहे, तो निमूट त्याच्याखाली जाऊन उभा राहिला.

ताई, मला उभं राहवेना. तिथंच नळाशी बसलो आणि त्याला छातीशी धरून रडलो. वॉचमन बघत होता, बघू दे म्हटलं. मुलानं खाली बसून स्वतःच्या रुमालानं माझा बूट पुसला, आणि मग बटणाचे पाय.

घरी आलो तेव्हा सूनबाई दारात होती. तिनं ओल्या बुटाकडे पाहिलं आणि चटकन दुसरीकडे बघू लागली. मी तिला सांगितलं, की हे मात्र खरंच त्यानं केलंय. ती आधी घाबरली, मग जी हसत सुटली, तिच्यामागून मुलगा, आणि शेवटी मीसुद्धा.

उद्या सूनबाई मला डॉक्टरकडे नेणार आहे. आजपासून मी पाणी पितो. सकाळी आधी मी जातो, मग बटणाला नेतो. पोटावर केस यायला वेळ लागेल. अजून कुणाच्या हातून चहा जरी सांडला, तरी तो उठतो आणि न्हाणीत जाऊन उभा राहतो. तो गेला की मीही हातातली सुई ठेवून मागोमाग जातो, त्याच्या शेजारी बसतो, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगतो, की चल बाहेर, तू काही केलेलं नाहीस.

तुझा लोभ पुसला गेला नाही, हे वाचून जिवात जीव आला. असाच राहू दे.

तुझा,
छोट्या