रविवारच्या सभेआधी

पेडणे,
१० जानेवारी

प्रिय दादा,

पोस्टातून तुला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा वहिनीने उचलला आणि तू दुकानावर गेलायस म्हणून सांगितलं. दुकान तुझ्या गौरेशच्या हाती दिल्यापासून तू तिकडे फिरकत नाहीस, हे तिलाही ठाऊक आणि मलाही. सरस्वतीवहिनीला खोटं बोलता येत नाही रे. इतकी अडखळते, की मलाच तिची दया येते आणि मी घाईघाईने "बरं बरं, नंतर करते" म्हणून ठेवून देते. तुझ्याशी बोलायला आता हाच मार्ग उरला.

इकडचं सगळं ठीक आहे. हे मामलेदार कचेरीतून निवृत्त झाले, तरी सकाळी दहा वाजले की इस्त्रीचा शर्ट घालून दारापुढच्या बाल्कांवात बसतात. पोदेर पाव देऊन गेला की दिवसातली मोठी घटना झाली असं त्यांना वाटतं. यंदा काजूला मोहर बरा आहे. माझी मराठी शाळेतली नोकरीही मे महिन्यापर्यंतच. पहिलीला यंदा फार थोडी मुलं आहेत. बाकीची इंग्रजीच्या वर्गाला गेली, आणि त्यांच्या आया बाजारात मला पाहून दुसऱ्या दुकानात शिरतात. त्यांना वाटतं मी रागावेन. मी कशाला रागावू? रागवायची ताकदच उरलेली नाही.

परवा तुझं एक जुनं भाषण आठवून एकटीच हसले. पार्सेच्या देवळासमोरचं. तू मराठीच्या बाजूने बोलत होतास, मोठमोठी वाक्यं, सगळे गप्प. मध्येच माईक बंद पडला आणि तू माझं ऐकू येतंय ना म्हणून कोंकणीत ओरडलास, "अरे, हें मरूं दी आतां, म्हजें आयकूंक येता मरे?" त्या एका वाक्याला लोकांनी जेवढ्या टाळ्या वाजवल्या तेवढ्या अख्ख्या भाषणाला नव्हत्या. परत येताना जीपमध्ये तू म्हणालास, "सुमा, आपण घरात बोलतो एक आणि मागतो दुसरं, हे लोकांना कळत नसेल असं तुला वाटतं?" मी म्हटलं, आपली पोथी, आपली आरती, आपली शाळा मराठी, त्यात खोटं काय? आजही मी तेच म्हणेन. पण तेव्हा तुला असे प्रश्न पडत होते, दादा. पडले की तू ते मोठ्याने विचारत होतास. ते मला फार आवडायचं.

मग कोंकणीच्या बाजूने भाषेचा कायदा झाला, पाठोपाठ गोव्याचं वेगळं राज्य झालं. त्या दिवशी पेडण्याच्या बाजारात फटाके वाजत होते आणि आपण हसावं की रडावं हे आपल्या लोकांना कळत नव्हतं. तू म्हणालास, आता खरी लढाई सुरू झाली. आम्ही पुन्हा कंबर कसली. विधानसभा हरलो, लोकसभा हरलो, पंचायती गेल्या, आणि आता ही पुन्हा विधानसभा. या वेळी तर डिचोलीत तू स्वतः पडलास. दर वेळी तू अध्यक्षपदाचा राजीनामा खिशातून काढलास, दर वेळी लोक उठून "दादा, नाही, नाही" म्हणाले, आणि तू तो पुन्हा खिशात घातलास. पहिल्यांदा आमच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. शेवटच्या वेळी लोक उठले, पण बस चुकेल म्हणून ते आधीच अर्धवट उठलेले होते. तू ते पाहिलंस की नाही, कोण जाणे.

पक्षाच्या डिचोलीच्या कचेरीला आता दोन कुलपं आहेत म्हणे. एक तुझ्या माणसांचं, एक सरचिटणिसांच्या माणसांचं. दोन्ही बाजूंचे एकत्र आले तरच दार उघडायचं, आणि एकत्र तर कोणी येत नाही. आत झेंडे आहेत, खुर्च्या आहेत, पक्ष स्थापन करणाऱ्या आबांचा फोटो आहे. समोरून खनिजाचे ट्रक जातात आणि त्या दाराच्या चौकटीवर तांबड्या धुळीचा थर चढतो. निवडून आलेल्यांपैकी दोघे सरकारपक्षात गेले. तू वर्तमानपत्रात त्यांना गद्दार म्हणालास. मग जे राहिले त्यांच्यावरही संशय घेतलास. म्हापशाच्या हॉटेलात कोण कोणाबरोबर चहा प्यालं याच्या बातम्या तुझ्याकडे यायला लागल्या आणि तू त्या ऐकायला लागलास.

गेल्या आठवड्यात गोपाळ आला होता. आपला तालुका चिटणीस. माझ्याच हाताखाली पाढे शिकलेला, अजून मला बाई म्हणतो. बरोबर आणखी तिघे-चौघे. बराच वेळ काजूच्या मोहराबद्दल बोलले. मग गोपाळ म्हणाला, "बाई, दादांना तुम्हीच सांगा. आम्ही बोललो की फितूर ठरतो."

मी म्हटलं, "काय सांगू? ज्याने पक्षासाठी आयुष्य घातलं त्याला ऊठ म्हणून सांगू?"

"आयुष्य आम्हीपण घातलंय, बाई," तो म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने. "तुयेच्या कारखान्यांत आपल्या पोरांना काम मिळत नाही. ती विचारतात, पक्ष काय करणार? दादा त्यांना सांगतात कोणी कोणी दगा दिला."

मी त्यांना चहासुद्धा न देता घालवून दिलं. हे बाल्कांवातून बघत होते. कधी राजकारणावर बोलत नाहीत, सरकारी नोकरीची सवय. पण त्या दिवशी म्हणाले, "पोरगा खरं बोलला गे." मी त्यांच्याशी दिवसभर अबोला धरला.

मग बाबलीचं बारावं आलं. तुयेचा बाबली, माडावर चढणारा. आपल्या तालुक्यातली प्रत्येक भिंत त्याने रंगवली. पक्षाची निशाणी कशी काढायची हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं, पण त्याची निशाणी लांबून ओळखू यायची. मतमोजणीनंतर पंधरवड्यात काविळीने गेला. तू बाराव्याला येणार असं कळलं तेव्हा मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. दादा, तू लोकांच्या घरी कसा बसायचास, ते मी पाहिलेलं आहे. ओट्यावर मांडी घालायचास, गाईचं नाव विचारायचास, म्हातारीच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं का विचारायचास, आणि मतांचा विषय निघायच्या आत उठायचास. त्यासाठीच लोक तुझ्यामागे आले. भाषेसाठी आले ते थोडे.

तू आलास. तुला कदेल दिली, त्या खुर्चीवर बसलास. आणि बोलायला लागलास. सरचिटणिसाने तिकिटं कशी विकली, डिचोलीत आपल्याच माणसांनी तुला कसं पाडलं, रविवारच्या सभेला कोण कुठून माणसं भरणार. भाग्यलक्ष्मी, बाबलीची बायको, हातात चहाचा कप घेऊन तुझ्यासमोर उभी होती. तुला दिसली नाही. चहा निवला, तिने आत जाऊन दुसरा आणला. तोही निवला. तू बाबलीचं नाव एकदा घेतलंस, तेही आपल्याकडची एकेक निष्ठावान माणसं कमी होतायत हे सांगताना. मग घड्याळ पाहिलंस, सगळ्यांना एकत्र नमस्कार केलास आणि गाडीत बसलास. मी दारात उभी होते. माझ्याकडेही तू सभेतल्या बाईकडे बघावं तसं बघितलंस.

मला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. मी भाग्यलक्ष्मीचे हात धरले. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती कप विसळत म्हणाली, "बाये, दादा खूब थकलो गे. ताका कोणें तरी घरा व्हरूंक जाय." नवरा जाऊन बारा दिवस झालेली बाई, आणि तिला तुझी काळजी. तुला कोणीतरी घरी न्यायला हवं म्हणाली. बसमध्ये मी पदर तोंडावर धरून बसले. कंडक्टरने तिकीट मागितलं नाही.

दादा, रविवारी म्हापशाच्या सभेत नवा अध्यक्ष निवडण्याचा ठराव येणार हे तुला कळलेलंच आहे. तो गोपाळ मांडणार अशी तुझी समजूत आहे, आणि त्याला उत्तर म्हणून तू भाषणही तयार केलं असशील. ठराव गोपाळ मांडणार नाही, मी मांडणार आहे. मीच त्याला काल बोलावून तसं सांगितलं. मला कोणी भरीला घातलेलं नाही, मला कुठलं पद नको, आणि पक्ष यामुळे वाचेल अशी माझी खात्रीही नाही. कदाचित नाही वाचणार. पण माझा भाऊ मला परत हवा आहे, आणि तो त्या खुर्चीवरून मिळत नाही. तू त्याआधी आपण होऊन सोडलंस तर मी उभी राहणार नाही. नाही सोडलंस तर राहीन, आणि माझा आवाज कापला तरी शेवटपर्यंत वाचीन. भर सभेत माझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकताना सगळ्यांनी तुझ्या तोंडाकडे बघत राहावं, हे मला नको होतं. म्हणून हे लिहिलं. सभा संपली की मी पेडण्याच्या बसमध्ये चढणार नाही, डिचोलीला येईन. वहिनीला सांग, सुमा दोन दिवस राहायला येतेय, माशांचं हुमण करून ठेव. तू माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल. मी तुझ्याशेजारी जेवायला बसेन.

तुझीच,
सुमा