कॅलेंडरातला सिंह

नाना, हे मी आईच्या भाषणाच्या पाठकोऱ्या बाजूंवर लिहिते आहे. कोरा कागद घेतला असता तर तुम्ही आधी कागदाबद्दल बोलला असतात आणि मग मजकुराबद्दल. पुढच्या बाजूला माझ्या अक्षरात चार पानं आहेत. वर ‘मी पाहिलेलं व्हेनिस’ असं लिहिलंय, आणि उद्या चार वाजता नया बाज़ारातल्या भगिनी मंडळात आई ती चष्मा लावून वाचणार आहे. अडचण एवढीच की आईने व्हेनिस पाहिलेलं नाही, आणि हे तिला माहीत नाही. मला माहीत आहे, आणि माझ्या मुलीला. ती जर्मनीत नोकरी करते. तुम्ही गेल्यावर जन्मली. उद्या मंडळात दाल बाज़ारातल्या एका घरची सून येणार आहे. ती याच वर्षी खरोखरच्या व्हेनिसला जाऊन आली आणि भेटेल त्याला फोनमधले फोटो दाखवते. आई आत मटार सोलते आहे आणि मधूनमधून भाषणातली वाक्यं मोठ्याने म्हणून बघते आहे. ‘मैत्रिणींनो, पाण्यावर वसलेल्या त्या नगरीत,’ असं आत्ताच म्हणाली. हे वाक्य माझं आहे.

त्या गावाचं खूळ घरात तुम्हीच आणलंत, हे तुम्हांला आठवतं का? मी पाचवीत होते. दर हिवाळ्यात तुम्ही आम्हांला मेळ्याला न्यायचात, पण अशा बेताने न्यायचात की दुकानदार बांबू उपटत असायचे, मिठाईवाले कढया घासत असायचे. आकाशपाळण्याचे पाळणे उतरवून जमिनीवर ओळीने ठेवलेले असायचे. तुम्ही मला त्यातल्या एकात बसवायचात आणि हाताने थोडं हलवायचात. मेळ्याचा खरा दिवस हाच, म्हणायचात, गर्दी ओसरली की सगळं नीट दिसतं. मी ते चार वर्षं खरं मानलं. शाळेत तावातावाने सांगितलंसुद्धा, की मी काल मेळ्यात पाळण्यात बसले. तेव्हा शेजारच्या बाकावरची मुलगी म्हणाली, ‘अरे, मेला तो परसों ही उठ गया।’ सगळा वर्ग हसला. घरी आले तेव्हा तुम्ही पाटावर जेवत होतात आणि आई पोळ्या लाटत होती. मी उंबऱ्यात उभी राहून एवढंच म्हटलं, ‘सांगायचं तरी, नाना.’ तुम्ही हातातला घास ताटात ठेवलात आणि काही बोलला नाहीत. मुलीने उलट बोलल्याबद्दल रागावला असतात तर मला बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना तुम्ही दाल बाज़ारातल्या एका व्यापाऱ्याचं कॅलेंडर घेऊन आलात. पाण्यातल्या इमारती, काळ्या लांब होड्या, आणि काठावरच्या उंच खांबावर पंखांचा सिंह. ‘इथे नेईन तुम्हा दोघींना,’ म्हणालात, ‘भर गर्दीत नेईन.’ आईने ते स्वयंपाकघरात लावलं. वर्ष संपल्यावर खालच्या तारखा कापल्या आणि चित्र ठेवलं. ते अजून तिथेच आहे, फोडणीने पिवळं पडलंय.

गर्दीवरून आठवलं, घरात दोन शब्दांना तुमची बंदी होती. मी ‘बाज़ारात खूप भीड होती’ म्हटलं की तुम्ही म्हणायचात, भीड म्हणजे संकोच, बाज़ारात असते ती गर्दी. मी ‘डबा खाली आहे’ म्हटलं की म्हणायचात, खाली म्हणजे कुठे, जमिनीवर? रिकामा म्हण. गोरखीजवळच्या शाळेत दिवसभर मराठी शिकवून तुमचं पोट भरत नसे, घरी उरलेलं मला वाढायचात. आईला मात्र तुम्ही कधी दुरुस्त केलं नाहीत. ती इथेच, या हिंदी मुलखातल्या लश्कर गावात जन्मली, वाढली. तिची भीड ती भीडच राहिली आणि खाली ते खाली. तिला का बोलत नाही असं मी एकदा विचारलं, तर तुम्ही म्हणालात, तिचं बोलणं मला कळतं. मला त्या वेळी ते उत्तर चोरटं वाटलं होतं.

तर आई गेल्या वर्षी ऐंशीची झाली आणि नातीने तिला विचारलं, आजी, काय पाहिजे. आईने चित्राकडे बोट दाखवलं. विमानाची तिकिटं नातीने काढली आणि फोनवर मला म्हणाली, ‘मम्मा, व्हेनिसमें आजकल इतनी भीड है ना, की चालता येत नाही. पुलावर धक्काबुक्की असते.’ तिच्याकडे एक यादी होती. तिच्या वयाची मुलं आता अशीच फिरतात म्हणे: सगळे जिथे जातात ते सोडायचं आणि त्याच्यासारखं शेजारचं, कमी नावाजलेलं गाव धरायचं. प्रागऐवजी ओलोमोउत्स, अ‍ॅमस्टरडॅमऐवजी उत्रेख्त, आणि व्हेनिसऐवजी त्याच खाडीच्या दक्षिण टोकाचं कियोज्जा. कालवे तेच, पूल तसेच, सिंहसुद्धा आहे. दुधाची तहान ताकावर, असं मी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, हेच बरं, आईचे गुडघे बघता हेच बरं. मुलगी म्हणाली, ‘पण आजीला सांगशील ना? बाद में पता चला तो बुरा लगेगा.’ सांगते म्हटलं, आणि सांगितलं नाही. आईचं तोवर अख्ख्या गल्लीला सांगून झालं होतं. विमानात सांगू म्हटलं, मग म्युनिकला, मग आगगाडीत. शेवटी आम्ही बसमधून त्या गावात उतरलो आणि आई पाण्याकडे बघून हात जोडून म्हणाली, ‘आलो गं बाई.’ त्यानंतर कोण सांगणार?

गाव चांगलं होतं, नाना, हे मला लिहिलंच पाहिजे. सकाळी कालव्याच्या काठी मासळीबाजार भरायचा तेव्हा आई पदर नाकाला लावून जायची, पण जायची. लोक दारात खुर्च्या टाकून बसायचे आणि तिच्या नऊवारीकडे बघून हसायचे, तीही हसायची. पण मला त्यातलं काही सुखाने बघता आलं नाही. एक खोटं झाकायला सात खोटी लागतात. मी मोजली नाहीत. काळ्या होड्या कुठे आहेत, तिने विचारलं. दुरुस्तीला नेल्यात म्हटलं. खांबावरचा सिंह बघून ती बराच वेळ थांबली. तो खरंच लहान आहे, तिथलेच लोक त्याला मांजर म्हणतात असं मुलीने कुठेतरी वाचलं होतं. ‘कॅलेंडरात मोठा होता,’ आई म्हणाली. चित्रात सगळं मोठंच दाखवतात, मी म्हटलं. मुलगी माझ्याकडे बघत नव्हती. दुकानांच्या पाट्या आई वाचू शकत नाही याचं मला त्या चार दिवसांत बरं वाटत होतं, आणि तसं वाटल्याची लाज आत्ता लिहिताना वाटते आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवून आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत आडव्या झालो. आई म्हणाली, मी दारातल्या खुर्चीत बसते. दुपारी ते गाव खिडक्या लावून झोपतं, आपलं लश्कर उन्हाळ्यात झोपतं तसं. अर्ध्या तासाने मी खिडकीतून वाकून पाहिलं तर खुर्ची रिकामी. फोन केला. ‘कुठे आहेस?’ ‘खाली आहे गं,’ ती म्हणाली, ‘एकदम खाली. पाण्यापाशी.’ आणि फोन बंद पडला. मी जिना कसा उतरले ते मला आठवत नाही. घरासमोरच्या कालव्याला पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या आहेत, शेवाळाने हिरव्या. मी पहिल्या पायरीवर बसून, कठडा धरून पाण्यात बघितलं. पाणी हिरवं होतं आणि तळ दिसत नव्हता. मुलगी एका बाजूला धावली, मी दुसऱ्या. पुढच्या पायऱ्या, त्याच्या पुढच्या. रस्त्यावर विचारायला माणूस नाही. गर्दी असती तर कुणीतरी तिला पाहिलं असतं, कुणीतरी म्हणालं असतं की जांभळ्या लुगड्यातली म्हातारी त्या अंगाला गेली. गर्दी नको म्हणून मीच तिला इथे आणली होती. मी कालव्याच्या कडेने चालत मोठ्याने ‘आई, आई’ ओरडत होते आणि वर कुणीतरी खिडकी उघडून परत लावली.

ती सापडली गावाच्या टोकाला, सिंहाच्या खांबाजवळच्या बाकावर. चप्पल काढून पाय पुढे पसरून बसली होती, समोर नुसतं पाणी. मला बघून खुशीत म्हणाली, ‘बघ ना, किती खाली आहे सगळं. आपल्यासाठीच रिकामं केल्यासारखं.’ माझ्या तोंडून तुमचाच आवाज निघाला, नाना. ‘खाली म्हणजे कुठे? रिकामं म्हणता येत नाही तुला?’ ऐंशी वर्षांच्या बाईवर मी भर चौकात ओरडले. तिने माझा हात धरून मला शेजारी बसवलं. ‘तुझ्या नानांसारखी थरथरू नकोस,’ म्हणाली. मग तिने सांगितलं, जे तुम्ही दोघांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मी तीन वर्षांची असताना ऐन मेळ्यात, पाळण्याच्या रांगेत, तुमच्या हातातून माझं बोट सुटलं. तीन तास मी सापडत नव्हते. अंधार पडता पडता एका बांगडीवालीकडे मिळाले, तिच्या मांडीवर बसून तिळाची गजक खात. तुम्ही मला घेतलंत आणि तिथेच मातीत बसलात. ‘पुढे कधी भीडमध्ये पाय टाकला नाही त्यांनी,’ आई म्हणाली. ‘तुला सांगू नको म्हणायचे. पोर भित्री होईल.’

मला त्यातलं काही आठवलं नाही. पण हात मात्र थंड पडले, गर्दीत माझे पडतात तसेच. ते जमिनीवरचे पाळणे दिसले, आणि हाताने हलवताना तुम्ही माझं मनगट किती घट्ट धरायचात ते आठवलं. मला दुखायचं. आई सिंहाकडे बघत होती. ‘हेच ना गं ते,’ तिने विचारलं, ‘त्यांनी आणलेलं?’ नुसतं विचारलं, संशयाने नाही. आणि मी, आत्ताच तुमचं खोटं ऐकून रडत असलेली, म्हटलं, ‘हो, हेच.’

वरचा परिच्छेद लिहून झाल्यावर मी उठले आणि स्वयंपाकघरात गेले. आतून परत ते पाण्यावरच्या नगरीचं वाक्य ऐकू आलं आणि मला ते सहन होईना. दाल बाज़ारच्या सुनेने उद्या चारचौघींत सांगण्यापेक्षा आज मी सांगितलेलं बरं, असा त्यात हिशेबही होता, तुमच्यापासून काय लपवायचं. मी उंबऱ्यात उभी राहिले. तुम्ही जिथे पाटावर बसायचात तिथे ती सुपात मटार घेऊन बसली होती. मी सगळं सांगितलं. गावाचं नाव, होड्या, मांजराएवढा सिंह. ती शेंग सोलायची थांबली. वर चित्राकडे बघितलं, मग त्याच्या शेजारी तिने चिकटवलेल्या आपल्या फोटोकडे, ज्यात ती त्या खांबाखाली उभी आहे. मग म्हणाली, ‘सांगायचं तरी.’

मी काही बोलले नाही. तुम्हीही बोलला नव्हतात. तुम्ही निदान दुसऱ्या दिवशी कॅलेंडर आणलं होतंत. मला काय आणावं हेही सुचलं नाही. तिने परत शेंग हातात घेतली. सुपात दाणे पडायचा आवाज येत राहिला. थोड्या वेळाने तिने गावाचं नाव पुन्हा विचारलं, मी सांगितलं, तिला ते नीट म्हणता आलं नाही. उद्या जाणार का, मी विचारलं. ‘बघू,’ म्हणाली. मग मान वर न करता विचारलं, ‘माझ्या गुडघ्यांमुळेच ना?’

मी हो म्हटलं. मग ती गुडघे चोळत म्हणाली, ‘मेले दुष्मन आहेत,’ आणि मला चहा ठेवायला सांगितला. आधण ठेवून मी इथे परत आले. भाषण आता वाया गेलं आहे, तेव्हा या पानांची उरलेली जागाही माझीच. हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. त्या गावातले सगळे पूल तिने स्वतःच्या पायांनी चढून उतरले, नाना, काठीसुद्धा घेतली नाही. गर्दीला भ्याले होते ती मी; भित्री पोर मीच आहे, आणि हे तिला सांगायची मला भीड वाटते, तुम्ही शिकवलेल्या अर्थाने.