सावळबोडीचे शून्य

सावळबोडी, ता. पारशिवनी
६ डिसेंबर २०२४

चि. दामिनी हिस अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस, इकडे सगळे बरे आहे. फोनवर तुझा आवाज मला ऐकू येत नाही आणि मोबाइलवर तू दोन शब्दांच्या वर लिहीत नाहीस, म्हणून हे आंतरदेशीय.

ग्रामपंचायतीच्या फलकावर तुझ्या कंपनीचा अहवाल लागला आहे. आपल्या तलावाच्या पाण्यावर तरंगते सौर पॅनेल येणार असे त्यावरून कळले. मे महिन्यात तू आलीस ती पाण्याची खोली मोजायला, असा माझा समज होता. पान चौदावर लिहिले आहे, 'स्थलांतरित पक्षी : शून्य'. खाली तुझी सही आहे. 'दा'चा काना तू लहानपणापासून तसाच लांब ओढतेस, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही.

आज सकाळी राजहंस उतरले. तेच, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले, हिमालय ओलांडून येणारे. पुष्कळ आहेत. ते उथळ बाजूलाच उतरतात आणि नकाशात पॅनेलही तिथेच दाखवले आहेत. पाणी झाकले की ते उतरणार कुठे, हे अहवालात सापडले नाही. एकदा येऊन शून्य मोजून जा.

मामीचे म्हणणे तिच्याच शब्दांत देतो. बदलले तर ती ओरडते, आणि तेवढे मला ऐकू येते. दोन दिसात अठरा आंबे खाल्ले पोरीनं, ते काहून नाही लिवले त्या कागदात?

कळावे. आशीर्वाद नेहमीचेच.
महादेवमामा

धरमपेठ, नागपूर
११ डिसेंबर २०२४

ती. मामांस दामिनीचा सा. न. वि. वि.

पत्र मिळाले.

अहवालात चूक नाही. पाहणी २१ आणि २२ मे रोजी झाली, ती तारीख पान तीनवर आहे. दोन्ही दिवस मी सकाळी सहा ते अकरा आणि दुपारी चार ते सात बांधावर होते. स्थलांतरित पक्षी दिसला नाही, म्हणून शून्य लिहिले. तारीख कंपनीने ठरवली होती. हिवाळी पक्षी मे महिन्यात इथे नसतात हे मला माहीत होते. ते कुणी विचारले नाही आणि मी सांगितले नाही.

४ फेब्रुवारीला तुमच्या गावात जनसुनावणी आहे. त्यानंतर अहवाल कायम होईल आणि उन्हाळ्यात काम सुरू होईल. त्याआधी काही बदलायचे असेल तर आकडे लागतील. पुष्कळ हे एकक नाही. माझे वरिष्ठ ऋषिकेश सर यांच्यापुढे मी 'मामांना पुष्कळ दिसले' असे ठेवू शकत नाही. तुमच्याकडे लिखित नोंदी असतील तर पाठवा.

तुम्ही बांधावर लावलेला 'पक्षी अभयारण्य, शांतता राखा' हा फलक मी पाहिला होता. त्याला सरकारी आदेशाचा आधार नाही. अक्षर चांगले आहे.

आंबे चौदा होते. मामीला सांगावे.

लोभ आहे तितका राहावा, वाढवण्याचा आग्रह नाही.
दामिनी

सावळबोडी
१७ डिसेंबर २०२४

चि. दामिनी हिस आशीर्वाद.

एकतीस वर्षे मी कालव्यावर निरीक्षक होतो आणि रोज पाण्याची पातळी सेंटिमीटरमध्ये लिहिली. तुला पट्टी वाचायला मीच शिकवले. तू सात वर्षांची होतीस आणि 'साधारण' म्हणालीस की मी रागवायचो. तेव्हा एककाचे मला सांगू नकोस. पण पाण्याला पट्टी लावता येते, पक्ष्यांना लावता येत नाही.

तरी वही पाठवतो आहे. बावीस हिवाळे त्यात आहेत, तारखांसह. शब्द चारच वापरले आहेत. थोडे, बरे, पुष्कळ, आणि सर्वांत वर 'मामीलाही दिसले'. मामीचा रस्ता रोज बांधावरून जातो, पण तिला तलावाकडे बघायला सवड नसते. ती थांबून काही बोलली की मी तसे लिहितो. बावीस वर्षांत नऊ वेळा झाले आहे.

या शब्दांचे तुला हसू येईल. येऊ दे. नाताळच्या सुट्टीत ये, आणि हसायचे ते इथे येऊन हस. वही परत हवी.

आंब्यांचे मामीला सांगितले. कोयी मोजल्या होत्या म्हणते.

कळावे, आशीर्वाद.
महादेवमामा

धरमपेठ, नागपूर
३० डिसेंबर २०२४

ती. मामांस सा. न. वि. वि.

सुखरूप पोहोचले. बांधावर मोठ्याने बोलता येत नव्हते आणि हळू बोललेले तुम्हाला ऐकू येत नव्हते, म्हणून राहिलेले लिहिते.

पाच दिवस रोज सकाळी आणि संध्याकाळी मी तुमच्याकडून चिठ्ठीवर एकच शब्द लिहून घेतला. तिसऱ्या दिवशी तुम्ही चिडलात आणि ही काय परीक्षा आहे का असे विचारलेत. परीक्षाच होती. आधी सांगितले असते तर तुम्ही शब्द जपून वापरले असते. तुम्ही लिहीत असताना मी पाठमोरी बसून दुर्बिणीतून राजहंस मोजत होते, प्रत्येक वेळी दोनदा. मोजणी संपेपर्यंत तुमची चिठ्ठी उघडली नाही.

'थोडे' तुम्ही तीनदा लिहिले, तेव्हा पक्षी पस्तिसाच्या आत होते. 'बरे' चारदा, सत्तर ते एकशे वीस. 'पुष्कळ' दोनदा, दोनशे चार आणि दोनशे एकेचाळीस. एका शब्दाची हद्द दुसऱ्यात एकदाही शिरली नाही. आमच्या प्रयोगशाळेतली काही उपकरणे इतकी भरवशाची नाहीत.

दहावी नोंद शेवटच्या संध्याकाळची. मामी गवताचा भारा घेऊन येत होती. भाऱ्यामुळे मान वळवता येत नव्हती, म्हणून ती अख्खीच तलावाकडे वळली आणि म्हणाली, हे केवढे आले वं. त्या वेळी चारशे बारा होते.

म्हणजे तुमची वही आता आकड्यांत मांडता येते. मी पुरवणी अहवाल लिहिला आहे. मे महिन्याचे शून्य फक्त मे महिन्याचे आहे, एवढेच त्यात म्हटले आहे, आणि सोबत बावीस हिवाळ्यांचा तक्ता जोडला आहे. आज सरांना दाखवला. सही केलेला अहवाल स्वतःच बदलणारी अभियंता पुढे कुठे ठेवायची याचा विचार करावा लागेल, असे ते म्हणाले. मी म्हटले, करावा.

पहिल्या सकाळी थवा उतरत असताना माझी मोजणी चुकली आणि मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. कारण नोंदवलेले नाही.

लोभ असावा.
दामिनी

धरमपेठ, नागपूर
२२ जानेवारी २०२५

ती. मामांस सा. न. वि. वि.

सरांनी पुरवणी अहवाल पुढे पाठवला नाही. १३ तारखेला मी तो सुनावणीच्या अधिकाऱ्यांच्या कार्यालयात स्वतः दिला आणि पोच घेतली. १५ पासून मी या प्रकल्पावर नाही. लकडगंजच्या गोदामात येणाऱ्या केबलची लांबी तपासण्याचे काम दिले आहे. लांबी बहुधा बरोबर असते.

आईला हे कळवलेले नाही. तुम्हीही कळवू नये.

सुनावणीला यायची मला मनाई आहे. तुम्ही जालच. कानात यंत्र घाला. कुणी चौथ्या शब्दाबद्दल विचारले तर तक्त्याकडे बोट दाखवा आणि गप्प राहा. मामीला नेऊ नका.

लोभ असावा, काळजी नसावी.
दामिनी

सावळबोडी
६ फेब्रुवारी २०२५

चि. दामिनी हिस अनेक आशीर्वाद.

यंत्र घातले होते. मंडपातला लाउडस्पीकर सुरू झाला तसे ते कानात शिट्टी मारू लागले, म्हणून काढले. पुढचे सर्व ग्रामपंचायतीत संगणकावर काम करणाऱ्या पायलने मला कागदावर लिहून दाखवले. तो कागद समोर ठेवून हे लिहितो.

तुझे ऋषिकेश सर उभे राहिले आणि 'मामीलाही दिसले' हे जगातल्या कुठल्या मोजमापात बसते, असे त्यांनी विचारले. मंडप हसला. तू सांगितल्याप्रमाणे मी तक्त्याकडे बोट दाखवले आणि गप्प राहिलो. अधिकारी हसले नाहीत. या बाई हजर आहेत का, असे त्यांनी विचारले. मामी मागच्या रांगेत होती. मी तिला नेले नव्हते, ती माझ्या आधी जाऊन बसली होती.

तिचे बोलणे पायलने जसेच्या तसे उतरवले आहे. मले पक्षी पाहाले टाइम नाही साहेब. घरी दोन म्हशी हायेत, अन् एक बुढा हाये ज्याले ऐकू येत नाही. तरी मले दिसले, तर किती असतील ते तुमीच मोजून पाहा. साहेबांनी विचारले, कधी? ती म्हणाली, आता चाला ना, बांध काय लांब हाये?

सुनावणी तिथेच थांबवून सगळे बांधावर गेले. ऋषिकेश सरांचे बूट चिखलात गेले, त्याला आमचा इलाज नव्हता. अधिकारी बोटाने मोजू लागले. माझ्या अंदाजाने दीडशेपर्यंत गेले असतील, तेवढ्यात अर्धा थवा उठून पलीकडे बसला. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थवा उठला. शेवटी त्यांनी बोट खाली घेतले आणि कारकुनाला सांगितले, पुष्कळ लिहा. कारकुनाने आकडा विचारला. साहेब म्हणाले, पान चौदावरचे शून्य खोडा आणि त्या मुलीचा तक्ता जोडा.

पुढच्या पूर्ण हिवाळ्याची मोजणी होईपर्यंत काम थांबले आहे. त्यानंतरचे त्यानंतर.

खोडलेले पान मी फलकावर जाऊन पाहिले. सही तशीच आहे. काना लांबच आहे.

मामी म्हणते, आंबे चौदाच धरू.

कळावे. आशीर्वाद, या खेपेला थोडे जास्त.
महादेवमामा

धरमपेठ, नागपूर
१४ मार्च २०२५

ती. मामांस आणि सौ. मामीस सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. गोदामात एक केबल चार मीटर कमी निघाली. तसे कळवले, त्यावर बैठका झाल्या.

आज सकाळी सव्वासहाला गच्चीवरून राजहंस उत्तरेकडे जाताना दिसले. दक्षिणेकडून येत होते आणि सावळबोडी इथून उत्तरेला आहे, म्हणजे तुमच्या तलावावरचे नव्हेत. त्र्याऐंशी. एकदाच मोजता आले.

हिवाळी मोजणीला कंपनीतून कुणी अर्ज केला नव्हता. मी केला आहे. सरांनी सही करताना मान वर केली नाही. अर्जात साधनांचा रकाना होता. त्यात दुर्बीण एक, वही एक, महादेवराव एक, असे भरले. मामींचे नाव शेरा म्हणून आहे, कारण त्या सवडीनुसार उपलब्ध असतात.

वही सोबत रजिस्टर पोस्टाने परत पाठवते आहे. शेवटच्या पानावर माझ्या अक्षरात पाच दिवसांच्या नोंदी आहेत. आकड्यांपुढे तुमचे शब्दही लिहिले आहेत.

मे महिन्यात येईन. कामासाठी नाही.

लोभ पुष्कळ असावा. एकक आता मान्य आहे.
दामिनी