पापलेटचा भाव

प्रिय अफशाँ,

इथला माझा कामावरचा सोबती जाफर सुट्टीवर गावी येतोय, त्याच्या हाती हे पत्र देतोय. टपालात टाकायचा धीर झाला नाही. हस बापाला.

तुझी अम्मी सांगत होती, तोंडी परीक्षा आटपली, आता प्रबंधाची शेवटची प्रत बांधायला जाणार. अगं, हर्णैतल्या होडेकरांच्या घरात दहावी पास झालेला पहिला माणूस मी, आणि माझी लेक हुकूमशाही कशी टिकते नि लोकशाही कशी येते यावर पीएचडी करते! छाती फुगणार नाही तर काय? पण इथे सौदीत, यान्बूच्या रिफायनरीच्या मेसमध्ये, मी काय सांगून ठेवलं होतं ठाऊक आहे? मुलगी डॉक्टर होतेय, शुगरची. तीन वर्षं जाफर मला त्याचे रिपोर्ट आणून दाखवतोय आणि मी मान हलवून भात कमी कर म्हणतोय.

गेल्या महिन्यात तू एक प्रकरण खास माझ्यासाठी मराठीत करून पाठवलंस. त्यात परदेशात राबणारा एक बाप आहे, बिननावाचा. लेकीने फोनवर सरकार हा शब्द काढला, की तो विचारतो, "पापलेट काय भाव?" वाचून असा संताप आला! घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडलीस म्हणून दोन दिवस तुझा फोन घेतला नाही. मग परत वाचलं. तू लिहिलंयस, या माणसाला कुणी दटावलं नव्हतं, गप्प बसायला तो आपणहून शिकला. खरं आहे गं. एकोणीस वर्षांत मला इथे कुणी एका शब्दाने बोललेलं नाही. भीती माझी मीच पाळली. तुला सगळं कळत होतं, तरी दर वेळी निमूट भाव सांगायचीस.

काल जाफरला खरं सांगून टाकलं, माझी पोर माणसांच्या भीतीचा अभ्यास करते. तो म्हणाला, "मग औषध कधी देणार?"

रमजानमध्ये तू विचारलं होतंस, अब्बा, अर्पणपत्रिकेत तुमचं नाव घालू का? तेव्हाही मी पापलेटवरच गेलो. इथे राहायचा परवाना, इकामा, रिन्यू व्हायचा होता, हे निमित्त. तो अजून व्हायचाय आणि भीतीही कुठे गेलेली नाही. तरी घाल. नुसतं 'अब्बांना' नको, पूर्ण नाव घाल, गावासकट. चूक होऊ नये म्हणून खाली नीट लिहून देतोय.

तुझाच अब्बा,
हनीफ इस्माईल होडेकर, हर्णै